वांधा

हरकतीला इथे वांधा म्हणतात.
वांधा-अर्ज, दोन प्रतींत, खिडकी नंबर सहा.
माझ्या मराठीत वांधा म्हणजे पंचाईत,
इथल्या गुजरातीत नुसता आक्षेप.
मी दोन्ही अर्थांनी रांगेत उभी.

भिंतीवर नकाशा लावलाय, चकचकीत.
विश्वामित्री त्यात निळी, सरळ,
शाळेच्या रिबिनीसारखी इस्त्री केलेली.
काठची कोतरं पुसून
तिथे सहा मनोरे, चौदा चौदा मजले,
आणि सावली नसलेली कागदी माणसं
कागदी कुत्र्यांना फिरवताहेत.
जमिनीचा प्रकार : पडतर.

पडतर. म्हणजे जिथे कुणी काही करत नाही.
जिवीबेनच्या एकवीस शेळ्या तिथे दुपार काढतात.
बाभळीला सुगरणींची अर्धवट घरं,
नराने विणलेली, मादीने नापास केलेली,
ती बिनपरवानगीची बांधकामं मी मोजली आहेत.
आणि पावसाळ्यात नदी तिथे येऊन बसते,
दूरगावची आत्या जशी
चपला काढून ओटीवर पाय पसरते,
चार दिवस राहते
आणि आपणहून जाते.

त्या वर्षी तिला ओटी पुरली नाही.
वरच्या अंगाला आधीच कुणी भराव घातला होता.
ती आमच्या सोसायटीत आली, मीटरच्या पेट्यांपर्यंत,
आणि तिच्याबरोबर एक मगर.
खासनीसांच्या स्कूटरच्या जागेवर
तीन रात्री गपचूप पडून राहिली.
खासनीस गॅलरीतून बॅटरी मारायचे,
"विचारा हिला, पार्किंगचे पैसे भरलेत का!"
आम्ही हसायचो.
पाणी उतरल्यावर त्यांच्या पेटीच्या भात्यातून
आठवडाभर चिखल निघत होता.
तेव्हा कुणी हसलं नाही.

खिडकीतला साहेब तरुण, अदबीने बोलणारा.
"बेन, तमारी जमीन छे त्यां?"
नाही.
"बाजूमां?"
नाही.
"तो पछी तमने शुं वांधो छे?"

काय सांगू याला.
माझे बाबा याच खात्यात आरेखक होते.
पूररेषा ते तुटक काढायचे,
निब टेकवून, उचलून, टेकवून.
मी विचारलं होतं, सलग का नाही काढत?
म्हणाले, नदीशी आपला करार तोंडी आहे गं.
ती तुटक रेष नव्या नकाशात नाही.
मी बाबांच्याच भिंगाने शोधली.
मनोरा 'क'च्या पोहण्याच्या तलावाखाली असावी.

हे अर्जात बसत नाही.
अर्जात एकच रकाना आहे, दीड इंच :
अर्जदाराचा जमिनीशी संबंध.
मी लिहिलं, शेजारीण.
खोडलं.
पुन्हा तेच लिहिलं, यावेळी अनेकवचनात,
आणि बाहेर पायरीवर बसलेल्या जिवीबेनला हाक मारली.
तिने अंगठा दिला,
उरलेली शाई शेळीच्या दोरीला पुसली.
साहेबाने शिक्का मारला. आवक क्रमांक चारशे अकरा.

चारशे अकरा?
म्हणजे आधी चारशे दहा.
मला वाटत होतं मी एकटीच.
कोण असतील? विचारलं नाही,
मागचा माणूस खोकायला लागला होता,
त्याच्याही हातात दोन प्रती.

परतताना पुलावर थांबलो.
पौषातलं ऊन. खाली गाळावर
तीच, किंवा तिची कुणी,
जबडा उघडा टाकून पडलेली.
चावायचं नाही, बोलायचं नाही,
नुसतं ऊन आत घ्यायचं.
जिवीबेन म्हणाली, "चालो, बकरां भूख्यां हशे."

सुनावणी सोळा तारखेला, अकरा वाजता.
दालनात खुर्च्या वीस आहेत.
मी मोजून आलेय.